एकेका जहाजाच्या कंपन्या

आंग्रिया हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते एका सेल्फीमुळे. २० ऑक्टोबर २०१८ला मुंबई-गोवा क्रूझचं उद्घाटन झालं. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस दोघंही हजर होते. मुख्यमंत्र्यांच्या पत्नी अमृता फडणवीस जहाजाच्या नाळेपाशी, कठडा ओलांडून पार टोकाला जाऊन बसल्या. मागून पोलीस अधिकारी परत बोलावताहेत आणि त्या मोबाइल उंच धरून निवांत फोटो काढताहेत, ही चित्रफीत पुढचे काही दिवस सगळ्या वाहिन्यांवर फिरत राहिली. सुरक्षेवरून वाद झाला, समाजमाध्यमांवर टिंगल झाली. त्या गदारोळात ज्याच्याकडे बघायला हवं होतं त्या जहाजाकडे मात्र फारसं कुणी बघितलं नाही.

जहाज नवं नव्हतं. १९९७ साली जपानमध्ये ते ‘ओगासावारा मारू’ या नावानं पाण्यात उतरलं होतं. तोक्योच्या दक्षिणेला हजारेक किलोमीटरवर ओगासावारा बेटं आहेत. तिथं प्रवासी विमानतळ नाही, बोट हाच रस्ता. शाळेची पुस्तकं, भाजीपाला, आजारी माणूस, सुट्टीला घरी निघालेला विद्यार्थी, सगळं या बोटीनं जायचं. २०१६मध्ये त्याच नावाचं नवं, मोठं जहाज आलं आणि जुनं निवृत्त झालं. ते भारतात आलं, रंगलं, त्यात जलतरण तलाव, उपाहारगृहं आणि बार बसले. नाव मिळालं ‘आंग्रिया’. हे नाव एकीकडे कान्होजी आंग्र्यांचं, दुसरीकडे विजयदुर्गसमोर खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळ-पठाराचं. कॅप्टन नितीन धोंड यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही कंपनी होती. जहाजाची लांबी १३१ मीटर, शंभरावर खोल्या, चारशेच्या आसपास प्रवासी. दुपारी चारला मुंबई सोडायची आणि सकाळी नऊच्या सुमारास मुरगाव गाठायचं.

बेटांवरच्या लोकांसाठी हे जहाज जवळजवळ वीस वर्षं न चुकता धावलं. आपल्याकडे त्याचे धड दोन हंगामही पुरे झाले नाहीत. मार्च २०२०मध्ये फेऱ्या थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

साथीनं बुडवलं, असं सगळे म्हणतात. तसं म्हणणं सोयीचंही आहे, कारण त्यात कुणाचाच दोष निघत नाही. पण त्याच वर्षी, त्याच मुंबईच्या समुद्रात दुसरी एक क्रूझ कंपनी बुडाली. तिचं जहाज आंग्रियाच्या दहापट मोठं होतं आणि तिच्या मागे देशातलं एक नामांकित उद्योगघराणं होतं. दोघींचे हिशेब शेजारी शेजारी ठेवले की साथ दोन्हीकडे बरीच उशिरा, शेवटच्या पानावर येताना दिसते.

*

हे मी प्रवरेकाठच्या अकोल्यात बसून लिहितोय. आमच्या तालुक्याला समुद्र नाही. प्रवरा, मुळा, आढळा या आमच्या नद्या पूर्वेला वाहतात. गोदावरीला मिळून त्यांचं पाणी थेट बंगालच्या उपसागरात जातं. पश्चिमेला घाटाची भिंत, तिच्यापलीकडे कोकण. मोठं पाणी म्हणजे भंडारदऱ्याचा आर्थर हिल तलाव, १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणामागचा. अलीकडे निळवंडे.

तरी क्रूझचं तिकीट अकोल्यातही येतं. कसं येतं ते बघण्यासारखं आहे. बियाणं, खतं, सिमेंट, रंग, पाइप विकणाऱ्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांना टार्गेट पुरं केल्याबद्दल सहलीला नेतात. बाजारपेठेत तिला ‘डीलर ट्रिप’ म्हणतात. पूर्वी ती बँकॉक-पटायाची असायची, मग दुबईची झाली, आणि क्रूझ मुंबईतून सुटायला लागल्यावर क्रूझची. पासपोर्टची कटकट नाही, सगळी मंडळी एका जागी, जेवण-नाच-भाषणं एका छताखाली. पळून बाजारात जायला वाट नाही. क्रूझ कंपन्यांच्या धंद्यात हे घाऊक आरक्षण फार मोलाचं असतं. लग्नाच्या वाढदिवसाला हौसेनं निघालेलं जोडपं जाहिरातीत दिसतं. पण आठवड्याच्या मधल्या वारी खोल्या भरायच्या तर अशा कंपन्यांचे घोळकेच लागतात. या घोळक्यांचं एक आहे: बाजार मंदावला की सर्वांत आधी डीलर ट्रिप रद्द होते.

भंडारदऱ्याला शेंडीच्या बाजूनं तलावावर बोटी चालतात. काजव्यांच्या दिवसांत, दिवाळीच्या सुट्टीत आणि थंडीतल्या शनिवार-रविवारी त्यांना उसंत नसते. मधल्या वारी गिऱ्हाईक आलं तर आलं. पावसानं जोर धरला की बोट काठावर ओढून ठेवायची, वर ताडपत्री टाकायची, आणि माणूस भाताच्या खाचरात उतरतो. काठावरची बोट काही मागत नाही. पगार नाही, डिझेल नाही, नांगरवाड्याचं भाडं नाही. मोठं जहाज याच्या बरोबर उलट. ते उभं राहिलं तरी खातं. या धंद्यातली सगळी गोम इथं आहे.

जहाजाचं इंजिन बंद असलं तरी जनित्रं चालू ठेवावी लागतात. दिवे, पंखे, वातानुकूलन, आगीचे पंप, पाण्याच्या टाक्या, शीतगृह, सगळं त्यांच्यावर. वातानुकूलन थांबवलं तर समुद्रातल्या दमट हवेत गाद्या-पडदे-गालिचे आठवड्याभरात कुबट होतात, महिन्याभरात बुरशी धरतात. सुरक्षेच्या नियमानुसार ठरावीक संख्येचे खलाशी, अभियंते, अधिकारी जहाजावर हवेतच. गोडं पाणी बार्जनं आणायचं, कचरा बार्जनं उतरवायचा. बंदराचं भाडं रोज चढतं. विमा आहे, वर्गीकरण संस्थेची तपासणी आहे, ठरावीक वर्षांनी सुकी गोदी आहे. जहाज जितकं जुनं तितकं सुक्या गोदीचं बिल मोठं. आणि या सगळ्याच्या वर कर्जाचा हप्ता.

आता मिळकत. आंग्रियाचं तिकीट सात हजारांच्या आसपास सुरू व्हायचं. सगळ्या चारशे जागा भरल्या आणि माणशी सरासरी सात हजार धरले, तर एका फेरीचे अठ्ठावीस लाख. ऐकायला बरं वाटतं. पण हा ढोबळ हिशेब भरलेल्या जहाजाचा आहे. आठवड्यात फेऱ्या तीन-चार. शुक्रवारची मुंबईहून निघणारी फेरी भरेल; सोमवारची गोव्याहून परतणारी कोण भरणार? आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला. वर्षाच्या बारा महिन्यांपैकी चार महिने मिळकत शून्य आणि खर्च सुरू. म्हणजे आठ महिन्यांत कमवायचं आणि बारा महिने खायचं. हे शेतकऱ्याला नवं नाही. पण शेतकऱ्याकडे दुसरं काहीतरी असतं, म्हैस असते, मुलाची नोकरी असते. एका जहाजाच्या कंपनीकडे दुसरं काहीच नसतं.

आंग्रियाला आणखी एक अडचण होती, आणि तिच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. हे जहाज नेमकं काय आहे हे ठरत नव्हतं. गोव्याला जायचं साधन म्हणून बघितलं तर विमान तासाभरात पोचवत होतं, आणि सवलतीच्या दिवसांत निम्म्या पैशांत. रात्रीची बस त्याहून स्वस्त. सहल म्हणून बघितलं तर ती एका रात्रीत संपायची. संध्याकाळचा सूर्यास्त, रात्रीचं जेवण, थोडा नाच, झोप, आणि डोळे चोळेपर्यंत मुरगाव. दिघी, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशा वाटेवरच्या बंदरांचंही बोललं जात होतं. ते झालं असतं तर धंद्याला वेगळंच वळण लागलं असतं असं मला वाटतं. पण या बंदरांत एवढं जहाज लागेल असे धक्के नाहीत, आणि प्रवाशांना होडीनं उतरवायचं तर वेळ आणि जोखीम दोन्ही वाढतात.

उत्साहाचे दिवस होते ते. आंग्रियाच्या उद्घाटनानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तोच राज्य मंत्रिमंडळानं निवृत्त विमानवाहू नौका ‘विराट’चं सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात संग्रहालय करण्याचा ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. कोकणच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं नव्या रंगात दिसणार, अशी ती वेळ होती. ‘विराट’चं पुढे काय झालं ते येईलच.

*

याच वाटेवर कधीकाळी बोटी खच्चून भरून जायच्या. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला भाऊच्या धक्क्यावरून निघायचा. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी बंदरोबंदर थांबत जायच्या. बोट आत समुद्रात उभी, आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या चढायच्या-उतरायच्या. स्वदेशीच्या लाटेत परदेशी मालकीच्या बोटींसमोर एतद्देशीयांची सहकारी कंपनी उभी राहिली. तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत आणि तिच्या बोटींना संतांची नावं होती. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ ११ नोव्हेंबर १९२७च्या वादळात एकाच दिवशी गेल्या. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. कोकणात त्या दिवसाची आठवण अजून काढली जाते.

एवढं होऊनही बोटी थांबल्या नाहीत, कारण जायला दुसरा रस्ता नव्हता. रस्ता झाला, एस.टी. गावागावात पोचली, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुंबई-गोवा बोट बंद पडली. नव्वदच्या दशकात दमानिया कंपनीनं वेगवान कॅटमरान आणून बघितलं. तेही टिकलं नाही. १९९८च्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर बोटीची गरज उरली नाही. उरली ती आठवण आणि हौस. त्यानंतर ज्यानं ज्यानं या वाटेवर जहाज घातलं त्यानं हौसेवर भिस्त ठेवली.

छोटी कंपनी मोठ्यांसमोर कशी मरते याचा नमुना दक्षिणेत आहे. १९०६मध्ये तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, कोलंबोला बोटी सोडल्या. समोर ब्रिटिश इंडिया कंपनी. तिनं भाडं पाडलं, पाडतच गेली, शेवटी प्रवाशांना फुकट छत्र्या वाटल्या. १९०८मध्ये चिदंबरम तुरुंगात गेले आणि १९११मध्ये कंपनी गुंडाळली गेली. तिथं निदान शत्रू समोर दिसत होता. आंग्रियाला तसा कुणी शत्रू नव्हता. तिला कुणी पाडलं नाही.

*

जालेश क्रूझेसची गोष्ट वेगळ्या मापाची आहे. मालक एस्सेल समूह, म्हणजे झी वाहिन्यांचे सुभाष चंद्रा. कल्पना अशी की भारतीय कुटुंबासाठी भारतीय क्रूझ: शाकाहारी आणि जैन स्वयंपाक, हिंदी गाणी, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना काहीतरी. कंपनी चालवायला जहाजधंद्यात मुरलेले युर्गन बायलॉम यांना आणलं. आणि जहाज आणलं ते ‘कर्णिका’.

कर्णिका म्हणजे सत्तर हजार टनी, २४५ मीटर लांब जहाज, दोन हजारांच्या आसपास प्रवाशांचं. इटलीतल्या मोनफाल्कोनेच्या गोदीत १९९० साली ते ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून बांधलं गेलं. वास्तुकार रेंझो पियानो यांनी त्याचा पुढचा भाग डॉल्फिनच्या कपाळासारखा गोल केला होता. बंदरात उभं असताना ते दुरून ओळखू यायचं ते या कपाळामुळे. त्यानंतर मालक बदलले तशी नावं बदलली: ‘ए-रोझा ब्लू’, ‘आयडाब्लू’, ‘ओशन व्हिलेज टू’, ‘पॅसिफिक ज्युएल’. ऑस्ट्रेलियातली शेवटची सफर करून मार्च २०१९मध्ये ते भारतीय मालकाच्या हाती आलं आणि एप्रिलमध्ये मुंबईहून निघालं.

तारखा जुळवून बघा. २५ जानेवारी २०१९ला झीचा शेअर एका दिवसात चौथाईहून अधिक कोसळला होता. त्याच संध्याकाळी सुभाष चंद्रांनी कर्ज देणाऱ्यांना उघडं पत्र लिहून माफी मागितली. पायाभूत प्रकल्पांत घातलेल्या पैशानं घोळ केला असं सांगितलं. पुढे त्याच वर्षी कर्ज फेडायला झीमधला हिस्सा इन्व्हेस्को ओपनहायमरला चार हजार कोटींहून अधिक रकमेला विकावा लागला. म्हणजे घरात उसनवारीवरून रडारड चालू असताना दारात लग्नाचा मांडव पडला. जहाजाचा सौदा आधीच ठरलेला असणार, मागे फिरणं अवघड, हे मान्य. पण पहिली दोन-तीन वर्षं तोटा सोसायची ताकद ज्या मालकाकडे असायला हवी, त्याच्याकडे ती पहिल्या फेरीच्या आधीच उरलेली नव्हती. या बारकाईकडे त्या वेळच्या कौतुकाच्या बातम्यांमध्ये कुणी पाहिलं नाही. उद्योगाची पानं वेगळी, पर्यटनाची पुरवणी वेगळी, आणि दोन्हींचे वार्ताहर वेगळे.

पावसाळ्याचं कोडं जालेशला माहीत होतं. त्यावर तोडगा म्हणून पावसाळ्यात जहाज आखातात न्यायचं, दुबईहून फेऱ्या करायच्या. तोडगा कागदावर ठीक. पण दुबईला मोठमोठ्या क्रूझ कंपन्या आधीपासून बसलेल्या. तिथला हंगाम हिवाळ्याचा. आपल्या पावसाळ्यात आखातात रणरणतं ऊन असतं, तेव्हा डेकवर उभं राहवत नाही.

भारतात क्रूझची घाई आधीही झाली होती. २००५पासून स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’ काही हंगाम मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जात होतं. चेन्नईहून २०११मध्ये ‘अ‍ॅमेट मॅजेस्टी’ सुटलं आणि लवकरच थांबलं. २०१६च्या डिसेंबरापासून इटालियन कोस्टा कंपनीनं मुंबई-मालदीव फेऱ्या सुरू केल्या. फरक एवढाच की स्टार किंवा कोस्टा यांच्याकडे दुसरी जहाजं होती, दुसरे समुद्र होते. मुंबईत जमलं नाही तर जहाज दुसरीकडे नेलं, खलाशी दुसऱ्या जहाजावर चढवले, तोटा मोठ्या पोटात जिरला. जालेशकडे एक जहाज. आंग्रियाकडे एक जहाज. जहाज थांबलं की कंपनी थांबली.

*

मग साथ आली. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाच्या बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकलं, सातशेहून अधिक लोक बाधित झाले, आणि क्रूझ या शब्दाभोवतीचा सगळा झगमगाट एका महिन्यात उतरला. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले बहुतेक खलाशी. मार्चमध्ये भारतानं परदेशी क्रूझ जहाजांना बंदरं बंद केली. कर्णिकाच्या सफरी थांबल्या. जगभर हेच झालं: स्पेनची पुलमांतूर जूनमध्ये दिवाळखोरीत गेली, ब्रिटनची क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस जुलैमध्ये. ज्यांच्याकडे शेअर बाजारातून, रोख्यांतून अब्जावधी डॉलर उभे करायची ऐपत होती ते तगले. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियननी अवाढव्य कर्जं काढून रिकामी जहाजं नांगरून ठेवली.

कर्णिका मुंबईच्या समुद्रात उभं राहिलं. दोन हजार माणसांसाठी बांधलेलं जहाज, आत शेकडो खलाशी, वर जनित्रांचा धूर. रोजचं इंधन, रोजचं पाणी, रोजचं भाडं. मिळकत काही नाही. मालकाच्या इतर कंपन्यांतून पैसा यावा तर तिथंच दुष्काळ. पगार थकले, पुरवठादारांची बिलं थकली, आणि ज्यांनी पुढच्या सफरींचे पैसे आधीच भरले होते त्यांच्या परताव्याचा प्रश्न लोंबकळत राहिला.

इथून गोष्ट उच्च न्यायालयात जाते. जहाजाचा कायदा हा एक विलक्षण प्रकार आहे. साध्या दाव्यात माणूस किंवा कंपनी प्रतिवादी असते. समुद्री दाव्यात प्रतिवादी खुद्द जहाज असू शकतं. ज्याचे पैसे थकले तो मुंबई उच्च न्यायालयाच्या समुद्री अधिकारकक्षेत जातो आणि जहाजाला अटक करून मागतो. अटक हाच शब्द, कायद्यातला. वॉरंट बजावतो मुंबईच्या शेरिफचा माणूस. शेरिफ हे पद आज मानाचं. मिरवणुका, सत्कार, उद्घाटनं. पण त्याच्या कचेरीचं एक जुनं, खरंखुरं काम शिल्लक आहे ते हे: जहाजावर जाऊन कागद चिकटवणं. कागद चिकटला की जहाज हलत नाही.

२०१७च्या समुद्री दावे कायद्यात जहाज विकून आलेल्या पैशांची वाटणी कुणाला आधी हे लिहून ठेवलंय, आणि ते वाचण्यासारखं आहे. सर्वांत आधी खलाशांचा पगार. मग जीवितहानी आणि इजेची भरपाई, मग जहाज वाचवणाऱ्यांचा मेहनताना, मग बंदराची देणी. त्यानंतर जहाज गहाण ठेवून घेतलेली बँक. बाकीचे त्याच्या मागे. तिकिटाचे पैसे आगाऊ भरून बसलेलं जोडपं रांगेत फार लांब उभं असतं. कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली तर जहाजावरचा दावा चालू शकतो का, हा पेच २०२०च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानं बराचसा सोडवला: जहाजावरचा दावा आणि कंपनीवरचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. जहाज म्हणजे न्यायालयाच्या नजरेत स्वतंत्र देणेकरी.

ऑक्टोबर २०२०मध्ये जालेशचा कारभार संपला. न्यायालयाच्या हुकमानं जहाजाचा लिलाव झाला आणि घेणाऱ्यानं ते भंगारासाठी घेतलं. पहिल्या सफरीपासून दीड वर्षात सगळा खेळ आटोपला.

*

भावनगर जिल्ह्यातलं अलंग हे खंभातच्या आखातावरचं गाव. तिथं भरती-ओहोटीत दहाएक मीटरचा फरक पडतो. मोठ्या भरतीच्या दिवशी जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्याकडे सोडतात. ते गाळात रुतून बसतं, पाणी ओसरतं, आणि जहाज उघडं पडतं. क्रेन, गॅस कटर, माणसं. २८ सप्टेंबर २०२०ला याच किनाऱ्यावर ‘विराट’ चढली होती. निवतीचं संग्रहालय कागदावरच राहिलं. दोन महिन्यांत तिच्या पाठोपाठ कर्णिका आलं. पुढच्या जानेवारीत ‘मार्को पोलो’ आणि ‘मॅगेलन’ ही आणखी दोन प्रवासी जहाजं आली. अलंगला क्रूझ जहाजांचा असा हंगाम क्वचितच आला असेल.

अलंगच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जहाजांतल्या सामानाची दुकानं आहेत. तिथं त्यांना खाडा म्हणतात. प्रत्येक खाड्याचा आपला माल: कुणाकडे फक्त गाद्या, कुणाकडे फक्त भांडी, कुणाकडे दारं, कुणाकडे लाइफ जॅकेट, कुणाकडे व्यायामशाळेचं सामान. मालवाहू जहाजापेक्षा प्रवासी जहाजाचा माल या लोकांना प्रिय, कारण त्यात हॉटेलचं सगळं असतं. एका जातीच्या शेकडो खुर्च्या, शेकडो आरसे, शेकडो बेसिनं. नवीन हॉटेल काढणारा माणूस, मंगल कार्यालयवाला, ढाबेवाला इथं येऊन अख्खा संच उचलतो. पोलादाचा मोठा भाग पुन्हा वितळून सळया होतो. त्या सळया कुठल्या स्लॅबमध्ये जातात ते कुणी विचारत नाही.

कर्णिकाला एक जुळी बहीण होती. ‘रीगल प्रिन्सेस’, त्याच गोदीत बांधलेली, तेच डॉल्फिनचं कपाळ, पुढे ‘पॅसिफिक डॉन’. तिचंही नशीब २०२०च्या शेवटी त्याच वळणावर आलं. बिटकॉइनच्या नादानं झपाटलेल्या काही मंडळींनी तिला विकत घेतलं, नाव ठेवलं ‘सातोशी’, आणि पनामाच्या समुद्रात तरंगती वसाहत करायचं ठरवलं. सरकार नको, कर नको, बिटकॉइनमध्ये भाडं. विम्यावर गाडं अडलं. कुणी विमा उतरवेना, आणि विम्याशिवाय जहाज कुठं उभंही राहू शकत नाही. मंडळींनी ते भंगारात काढलं, अलंगच्याच वाटेवर. पण शेवटच्या घटकेला सौदा फिरला आणि ब्रिटनच्या अ‍ॅम्बॅसडर नावाच्या नव्या कंपनीनं ते घेतलं. आज ‘अ‍ॅम्बियन्स’ या नावानं ते इंग्लंडहून फिरतं, प्रामुख्यानं पेन्शनरांना घेऊन. एका वयाची, एका घडणीची दोन जहाजं. कर्णिका म्हातारं झालं होतं म्हणून तोडलं, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. म्हातारं जहाज चालवणारी आणि थांबल्यावर पोसणारी कंपनी मागे हवी होती.

*

मुंबईत मात्र गोष्ट थांबली नाही. सप्टेंबर २०२१मध्ये कोर्डेलिया क्रूझेसनं ‘एम्प्रेस’ आणलं. तेही १९९०चंच, फ्रान्समधल्या सेंट नाझेअरच्या गोदीतलं, रॉयल कॅरिबियनचं जुनं. प्रमुख तेच युर्गन बायलॉम. माणूस बुडालेल्या जहाजावरून उतरून दुसरं हाकू लागला याला मी हट्ट म्हणेन, आणि या धंद्यात हट्ट लागतोच. पंधरा दिवसांत जहाजावर अमली पदार्थांच्या प्रकरणात छापा पडला. त्यात शाहरुख खानच्या मुलाचं नाव आलं आणि कोर्डेलिया हे नाव आंग्रियाच्या सेल्फीहून कितीतरी मोठ्या आवाजात देशभर पोचलं. एवढ्या बदनामीतून कंपनी तगली, याचंच मला नवल वाटतं.

तगली ती बहुधा आधीच्यांच्या चुकांचा हिशेब घालून. तिकिटं विकायला आयआरसीटीसी जोडीला घेतली. रेल्वेचं आरक्षण ज्या पडद्यावर करायची सवय आहे त्याच पडद्यावर क्रूझ दिसू लागली. पावसाळ्यात जहाज आखातात पाठवलं नाही. ते चेन्नईला नेलं, तिथून श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमालीकडे फेऱ्या काढल्या. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत बंगालच्या उपसागराची ती बाजू बरी असते, आणि चेन्नई-बंगळुरूचं गिऱ्हाईक वेगळंच.

सरकारचा हातही आता मोकळा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबईतच ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर झालं. २० सप्टेंबर २०२५ला इंदिरा गोदीतल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन पंतप्रधानांनी भावनगरहून केलं, अलंग ज्या जिल्ह्यात आहे त्याच भावनगरहून. 

कोर्डेलियाची पालक कंपनी वॉटरवेज लेझर टुरिझम हिनं २०२५मध्ये ७२७ कोटींच्या शेअरविक्रीसाठी सेबीकडे कागद दाखल केले. त्याच वर्षी नॉर्वेजियन क्रूझ लाइनची दोन जहाजं, १९९९चं ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि २००१चं ‘नॉर्वेजियन सन’, लांब मुदतीच्या भाड्यानं घ्यायचा करार जाहीर झाला. भाड्याचं जहाज हे नवं आहे. मालकीचं जहाज बुडीत निघालं तर न्यायालय, शेरिफ, लिलाव. भाड्याचं मुदतीवर परत जातं, पण भाडं मात्र जहाज उभं असलं तरी द्यावंच लागतं. जहाजं एकाची तीन झाली तर एक सुक्या गोदीत असताना दोन चालतील. त्या तिघांतल्या पाचएक हजार खाटा सोमवारी रात्रीसुद्धा भरायच्या आहेत. अकोल्याच्या बाजारपेठेत त्यासाठी पुढच्या हंगामाची डीलर ट्रिप ठरायची आहे, आणि ती यंदाच्या सोयाबीन-कांद्याच्या भावावर ठरेल.